फोन ठेवू नका

सुभानराव मोहित्यांचा खरा आवाज मी कधी ऐकला नाही. ते पहिल्यांदा माझ्या खोलीत आले तेव्हा त्यांचं स्वरयंत्र काढून बावीस दिवस झाले होते. गळ्याच्या खड्ड्यात श्वासासाठी केलेलं भोक, त्यावर जाळीचा रुमाल, आणि हातात पाटी. पाटीवर लिहिलं होतं, "किती दिवसांत?"

मी बडोद्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात स्पीच थेरपिस्ट आहे. ज्यांचं बोलणं गेलं किंवा कधी आलंच नाही, अशी माणसं माझ्याकडे येतात. "किती दिवसांत" हा प्रश्न सगळेच विचारतात. सुभानरावांना मी खरं ते सांगितलं, की पहिला आवाज परत येणार नाही, पण मशीनवर बोलायला तीन महिन्यांत शिकवीन. त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, "दोन."

ते प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये मिस्त्री होते. घण चालू असताना ते शेडच्या एका टोकाहून नाव घेत आणि दुसऱ्या टोकाचा माणूस वळून बघे, असं त्यांचे जुने सोबती सांगतात. आजोबा गायकवाडी फौजेत होते, तिथूनच हा गळा आला असं घरात म्हणायचे. सुभानरावांना ते खरं वाटत नसे. पण विजयमालाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, वाटे.

सत्तावन्नाव्या वर्षी घशात गाठ निघाली. ज्याला ज्याला कळलं त्याचा पहिला प्रश्न एकच: तंबाखू खायचे का? त्यांनी आयुष्यात तंबाखू खाल्ली नव्हती. सुरुवातीला ते पाटीवर "नाही" लिहीत. नंतर "नाही, आणि खाल्ली असती तर?" असं लिहू लागले. कामावर परतले तेव्हा साहेबांनी त्यांना शेडमधून काढून स्टोअरच्या खिडकीशी बसवलं. निरोपाच्या दिवशी शेडमधल्या पोरांनी प्रेमाने एक शिटी भेट दिली. शिटी वाजवायला तोंडातून फुंक लागते, आणि यांचा श्वास आता गळ्यातून जात होता, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्यांनी ती सगळ्यांसमोर ओठांना लावली आणि खिशात टाकली.

मशीन म्हणजे हातात मावेल असं, टॉर्चएवढं यंत्र. ते गळ्याला टेकवून बटण दाबलं की आतून घूं असा आवाज निघतो. ओठ आणि जीभ हलवून त्या घूंचे शब्द करायचे. शब्द होतात, पण सगळे एका पट्टीत. त्यात चढउतार नाही, प्रश्न विचारला की नुसतं सांगितलं ते कळत नाही. "ह" उमटत नाही, कारण त्याला छातीतला श्वास लागतो. "हॅलो"चं "ॲलो" होतं, "मोहिते"चं "मोइते". "क" पुष्कळदा "ग"सारखा, "प" "ब"सारखा ऐकू येतो. समोरासमोर ओठ बघून समजतं. फोनवर कठीण जातं.

सुभानराव दोन महिन्यांत शिकले. घरात विजयमालाबाईंना त्यांचं प्रत्येक अक्षर समजे, पण त्यांनी एक पथ्य पाळलं होतं. बाहेर कुणी "हे काय म्हणतात?" असं त्यांना विचारलं तर त्या म्हणत, "त्यांनाच विचारा की."

फोनसाठी मी सगळ्या पेशंटांना एक वाक्य शिकवत असे. पहिलंच वाक्य हे बोलायचं, म्हणजे ऐकणारा बिचकून फोन ठेवत नाही. बडोद्यात बाहेरचा व्यवहार गुजरातीत, म्हणून वाक्यही गुजरातीत: "नमस्ते. हुं मशीनथी बोलुं छुं. फोन ना मूकशो." नमस्कार, मी मशीनने बोलतोय, फोन ठेवू नका. सुभानरावांनी ते माझ्या खोलीत पन्नास वेळा घोटलं. मी त्यांना शाबासकी दिली होती.

गेल्या वर्षी मार्चमधला एक मंगळवार, सुभानराव तोवर निवृत्त झालेले. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी विजयमालाबाई स्वयंपाकघरात ओट्याला धरून खाली बसल्या आणि आडव्या झाल्या. छातीत दुखतंय एवढं म्हणाल्या. घाम फुटला होता. त्यांच्या हृदयाची तपासणी आदल्या वर्षी अलकापुरीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात झाली होती. तिथल्या डॉक्टरांनी दिलेलं कार्ड फ्रिजवर चिकटवलेलं होतं. काही त्रास झाला तर या नंबरवर फोन करा, ॲम्ब्युलन्स येईल, असं त्यावर छापलेलं. सुभानरावांनी तो नंबर लावला आणि मी शिकवलेलं वाक्य म्हटलं. पलीकडून फोन कापला गेला. त्यांनी पुन्हा लावला, तोही कापला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा घंटा वाजली, उचलला, आणि चार सेकंदांत बंद.

दुसरा नंबर का नाही लावला, सरकारी ॲम्ब्युलन्स का नाही बोलावली, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. मीही विचारलं. ते म्हणाले, "तीन वेळा तोंडावर दार आपटल्यावर चौथं दार तुम्ही वाजवाल?" सुरतेला मुलगी, मिताली, शाळेत शिकवते. तिला मेसेज टाकला. ती वर्गावर होती, फोन पर्समध्ये. शेजारच्या घराला कुलूप होतं. शेवटी त्यांनी ओट्यावरचं स्टीलचं ताट आणि लाटणं उचललं आणि गल्लीत उभं राहून ताट बडवायला सुरुवात केली. समोरच्या खिडकीतून एका बाईने डोकं काढून सांगितलं की काका, दुपारची झोपायची वेळ आहे. एका हातात ताट, दुसऱ्या हातात लाटणं. गळ्याला मशीन लावायला तिसरा हात नव्हता. त्यांनी ताट खाली टाकलं आणि नुसतं घराच्या दाराकडे बोट दाखवलं. तेव्हा ती बाई पायऱ्या उतरून आली. तिने पाहिलं, आणि मग तिनेच धावपळ करून रिक्षा आणली.

अलकापुरीतल्या त्याच हॉस्पिटलच्या फाटकाशी ते बायकोला दोन्ही हातांवर घेऊन उतरले. रखवालदाराने विचारलं, काय झालंय, कुणाकडे जायचंय. दोन्ही हात गुंतलेले. त्यांनी मान हलवली, ओठ हलवले. आवाज नाही. रखवालदाराने त्यांना केसपेपरच्या रांगेकडे पाठवलं. रांगेतल्याच कुणीतरी बाईंचा चेहरा पाहून आरडाओरडा केला तेव्हा स्ट्रेचर आलं. आतमध्ये तरुण डॉक्टरने सुभानरावांच्या गळ्याकडे एकदा पाहिलं, मग त्यांच्या डोक्यावरून मागे बघत विचारलं, "इनके साथ कोई बोलनेवाला है?"

उपचार सुरू झाले तेव्हा तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. विजयमालाबाई वाचल्या. पण हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग कायमचा गेला. मोठ्या डॉक्टरांनी मितालीला बाजूला घेऊन सांगितलं की तासभर आधी आणलं असतं तर चित्र वेगळं असतं. मितालीला सांगितलं. जो माणूस तासभर आधी आणायला धडपडत होता, तो तीन हातांच्या अंतरावर उभा होता.

पुढच्या शुक्रवारी ते माझ्या खोलीत आले. मशीन माझ्या टेबलावर ठेवलं आणि खिशातून कागद काढला. त्यावर तिन्ही फोनच्या वेळा लिहिलेल्या होत्या. मी कागद वाचला. मग त्यांनी मशीन पुन्हा उचललं आणि सगळं सांगितलं, मी वर लिहिलंय त्या क्रमाने. मध्ये दोनदा इतक्या जोरात गळ्याला दाबलं की नुसती घरघर झाली. त्या माणसाला ओरडायचं होतं. त्या यंत्रातून ओरडता येत नाही. राग आला की ते यंत्र फक्त अस्पष्ट होतं.

शेवटी त्यांनी विचारलं, "तुमचं वाक्य मी नीट म्हटलं होतं, नीराबेन. मग का ठेवला?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

आम्ही त्या हॉस्पिटलकडे तक्रार लिहिली, मी गुजराती तपासून दिली. आठवड्याने उत्तर आलं, चार ओळींचं: सदर नंबरवरून आलेले कॉल स्वयंचलित असल्याचे आढळले, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. "स्वयंचलित" या शब्दाखाली सुभानरावांनी पेनाने इतकी जाड रेघ मारली होती की कागद फाटला होता.

मग ते रोज सकाळी अकराला तिथे जायला लागले. विजयमालाबाई तेव्हा वरच्या मजल्यावर ॲडमिट होत्या, त्यामुळे कुणी अडवू शकत नव्हतं. व्यवस्थापक हार्दिक नावाचा पस्तिशीतला माणूस, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणारा. तो सुभानरावांना खुर्ची द्यायचा, पाणी द्यायचा, आणि फोन लावायचा सुरतेला. मितालीशी बोलायचा. "अंकलना आपण त्रास नको देऊ या," असं यांच्यासमोर फोनवर म्हणायचा. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं की घरातलं कुणी बोलायला येऊ शकेल का. सुभानराव म्हणाले, "मी घरातलाच आहे." चौथ्या दिवशी मितालीने त्याचा फोन उचलून सांगितलं की माझे वडील तुमच्या समोर बसलेत, त्यांच्याशी बोला, आणि ठेवून दिला. पाचव्या दिवशी मी रजा टाकून बरोबर गेले.

हार्दिकने आम्हाला आत नेलं. गैरसमज कसा झाला ते तुमचं तुम्हीच ऐका, म्हणाला, आणि कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग लावलं.

पहिला कॉल. "नमस्ते. उं मशीनथी बोलुं छुं. फोन ना मूगशो." मग एका मुलीचा आवाज, बाजूला कुणाला तरी सांगणारा: "मशीन छे. लोनवाळा हशे." मशीन आहे, कर्जवाले असतील. आणि कट. अकरा सेकंद.

मी खुर्चीचा हात धरला. मशीन हा शब्द माझा होता. ते वाक्य मीच घोटवून घेतलं होतं. त्या मुलीला त्या वाक्यातला तेवढा एकच शब्द समजला होता.

दुसरा कॉल. "मारी बत्नी पडी गई छे. छातीमां दुखे छे." अर्ध्यावर मुलगी म्हणते, "पेलो रोबोट फरी आव्यो." तो रोबोट परत आला. दोघी हसतात. कट. तिसऱ्या कॉलमध्ये शब्दच नव्हते, फक्त घरघर.

सुभानरावांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा लावलं. ऐकताना ते त्या स्पीकरकडे वाकले. तो आवाज शांत होता. लिफ्टमध्ये मजला सांगतात तसा. बायको पडली आहे, छातीत दुखतंय, दुसरा मजला, तिसरा मजला. मी दहा वर्षं रोज असे आवाज ऐकते, मला त्यामागचा माणूस ऐकू येतो. त्या मुलीला येणं शक्य नव्हतं. आणि सुभानरावांनी आपलाच आवाज असा बाहेरून आजवर ऐकला नव्हता.

"मी ओरडत होतो, नीराबेन," ते म्हणाले. "मी ओरडत होतो."

हार्दिकला मराठी समजत होतं की नाही कोण जाणे. त्याने चेहरा गंभीर केला आणि सांगितलं की हॉस्पिटलने ताबडतोब कारवाई केली आहे, त्या मुलीला कामावरून काढून टाकलंय, आम्ही या बाबतीत फार कडक आहोत.

सुभानरावांनी मशीन गळ्याला लावलं. या वेळी अगदी हलक्या हाताने, प्रत्येक अक्षर सुटं. गुजरातीत म्हणाले, "मुलीला काढलंत. आता माझा फोन कोण उचलणार?"

हार्दिक म्हणाला, दुसरी मुलगी आहे.

"तिला काय सांगितलंय?"

हार्दिकने कॉम्प्युटरवरचं रेकॉर्डिंग बंद केलं. भिंतीवर पाटी लावलेली होती, ऑपरेटरांसाठी सूचना. मी उठून वाचली. सहाव्या ओळीत होतं: मशीनचा आवाज आल्यास दहा सेकंदांत कॉल बंद करावा. मी मोठ्याने वाचून दाखवलं. सुभानरावांनी विचारलं, हे कुणी लिहिलं. हार्दिक म्हणाला, मॅनेजमेंटने. मॅनेजमेंट म्हणजे कोण, असं त्यांनी आणखी दोनदा विचारलं. त्या खोलीत त्या मुलीचं नाव पाच मिनिटांत सापडलं होतं. ओळ लिहिणाऱ्याचं नाव कुणालाच आठवत नव्हतं.

ती मुलगी, शिवांगी, दहाएक दिवसांनी माझ्या दवाखान्यात आली. कुणी पाठवली नव्हती. सुभानराव त्या दिवशी माझ्याकडे असतात हे तिने चौकशी करून शोधलं होतं. तेवीस वर्षांची, पाठीला पिशवी. ती रडली नाही. उलट तावातावाने बोलली. एका पाळीत शंभरावर कॉल येतात, त्यात पंचवीस-तीस मशीनचे, कर्जाचे, विम्याचे. एक जास्त वेळ धरला तर ओरडा बसतो. पाटीवर लिहिलंय तेच मी केलं. "पण हसायचं लिहिलेलं नव्हतं," ती म्हणाली. "ते मीच केलं. त्याचं मला वाईट वाटतं, काका."

मला वाटलं आता ते तिच्या डोक्यावर हात ठेवतील. आपल्याकडे असंच होतं, आणि मोठ्या माणसाकडून तीच अपेक्षा असते. सुभानराव म्हणाले, "काही हरकत नाही असं मी म्हणणार नाही. हरकत आहे. माझी बायको आता जिना चढू शकत नाही." मग थांबून म्हणाले, "पण तुला काढून ते मोकळे झाले, हे मला चालणार नाही."

ती गेल्यावर मी त्यांना म्हटलं की आपण वाक्य बदलू. मशीन शब्द नको. मी रात्रभर विचार करून नवीन वाक्य लिहून आणलं होतं: मी जिवंत माणूस बोलतोय, माझं ऑपरेशन झालंय, कृपया थांबा. त्यांनी वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "मी माणूस आहे याचा दाखला मी द्यायचा? फोन करताना? बायको जमिनीवर असताना?" ते मला झोंबलं. त्यांचा राग माझ्यावरही होता आणि तो योग्य होता. मी दहा वर्षं माझ्या पेशंटांना समोरच्याची सोय बघायला शिकवत आले होते. समोरच्याला यांची सोय बघायला शिकवावं, हे माझ्या कामात कधी धरलंच नव्हतं.

पुढची कल्पना त्यांची. एप्रिलमधल्या एका सोमवारी सकाळी साडेनऊला, गर्दीच्या वेळी, पाच जण त्या हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीसमोर रांगेत उभे राहिले. फलक नाही, घोषणा नाही. प्रत्येकाला डॉक्टरची वेळ हवी होती आणि प्रत्येकाचं दुखणं खरं होतं. माझेच पेशंट. पुढे सुभानराव. त्यांच्या मागे पाणीगेटचे बापू, तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकानदार. त्यांचंही स्वरयंत्र काढलेलं. ते मशीनची लाज वाटते म्हणून पाटीवर लिहीत. नंतर दोघे जण फोनवर टाइप करून फोनला बोलायला लावणारे. शेवटी आभा, एकोणीस वर्षांची. जन्मापासून तिचे स्नायू तिचं ऐकत नाहीत, बोलणं उमटत नाही. तिच्या चाकाच्या खुर्चीला अक्षरांचा तक्ता जोडलेला आहे. एकेका अक्षरावर ती बोट नेते. बोट भरकटतं, परत येतं, अक्षर सापडतं. तिची आई दोन हात मागे उभी. काहीही झालं तरी बोलायचं नाही असं सुभानरावांनी तिला बजावलं होतं.

सुभानरावांना खिडकीतल्या मुलीने तीनदा "काय?" विचारलं. चौथ्यांदा तिने मागच्या माणसाकडे पाहिलं, हे काय म्हणतात म्हणून. मागे बापू. बापूंनी पाटी वर केली: "त्यांनाच विचारा." बापूंच्या वेळी तिला त्यांचं अक्षर लागेना. रांग दारापर्यंत गेली. लोक कुरकुरायला लागले. एकाने म्हटलं की यांच्याबरोबर कुणीतरी धडधाकट पाठवायला नको का. सुभानराव त्याच्याकडे वळले आणि बघत राहिले. त्या माणसाने नजर वळवली.

आभाची पाळी आली तेव्हा हार्दिक धावत आला होता आणि त्याच्या मागून हॉस्पिटलच्या प्रमुख डॉक्टरबाई, साठीच्या, पांढऱ्या केसांच्या. खिडकीतल्या मुलीने आभाच्या आईला विचारलं, हिला काय होतंय. आई छताकडे बघू लागली. मुलीने पुन्हा विचारलं. आईने ओठ घट्ट मिटले. तिच्या गालाचा स्नायू उडताना मला दिसत होता. डॉक्टरबाईंनी मुलीला हाताने थांबवलं आणि स्वतः तक्त्यावर वाकल्या. आभाचं बोट "दा"वर गेलं. सुटलं. परत गेलं. मग "ढ". मागून कुणीतरी म्हणालं, चला ना लवकर. डॉक्टरबाई हलल्या नाहीत. चार मिनिटांनी शब्द झाला: दाढ. आणखी तीन मिनिटांनी: डावी. त्यांनी विचारलं, वरची की खालची, आणि पुन्हा थांबल्या.

त्या दिवशी दुपारी भिंतीवरची पाटी उतरली. पुढच्या दोन आठवड्यांत मेसेजने ॲम्ब्युलन्स बोलावण्याचा नंबर सुरू झाला, आणि मशीनवर किंवा फोनच्या आवाजात बोलणाऱ्यांचे कॉल धरून ठेवायचे, नाव-पत्ता मिळेपर्यंत कापायचे नाहीत, असा लेखी आदेश निघाला. शिवांगीला परत बोलावलं, पण तिने तोवर कुरिअरच्या ऑफिसात काम धरलं होतं. ती आली नाही. सहावी ओळ कुणी लिहिली ते शेवटपर्यंत कळलं नाही. सुभानरावांनी ग्राहक मंचात तक्रार घातली आहे, तिच्या तारखा पडताहेत.

आणि ऑपरेटरांचा वर्ग. तो आम्ही दोघांनी मेमध्ये घेतला, त्यांच्याच एका एसीच्या खोलीत. बारा मुलं-मुली. मी आधी स्वरयंत्राचं चित्र दाखवलं, माहिती सांगितली. ते वहीत लिहीत होते, एकमेकांकडे बघत होते. सुभानराव बोलू लागले तेव्हा एक मुलगा खाली बघून खुदकन हसला. त्यांनी बोलणं थांबवलं.

माझ्याकडे सरावाची दोन मशीनं होती. त्यांनी ती मागून घेतली, स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि हसणाऱ्या मुलाच्या हातात एक दिलं. गळ्याला कुठे टेकवायचं ते दाखवलं. श्वास रोखायचा, आपला आवाज काढायचा नाही, फक्त ओठ हलवायचे. म्हणायचं वाक्य फळ्यावर लिहिलं: माझी आई जमिनीवर पडली आहे, लवकर या.

मुलाने म्हटलं. घूं घूं झाली. शेजारच्याला विचारलं, काय ऐकू आलं. शेजारी म्हणाला, काही नाही. पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा "आई" कळलं. चौथ्यांदा त्या मुलाने चिडून दात खाऊन मशीन दाबलं आणि आवाज आणखी बिघडला. "असंच होतं," सुभानराव म्हणाले. मशीन पुढच्या मुलीकडे गेलं. मग तिच्या पुढच्याकडे. पाचव्या-सहाव्याला खोलीत कुणी हसत नव्हतं. एका मुलीने वाक्य पुरं केलं आणि मशीन खाली ठेवून ती बाहेर निघून गेली. पाच मिनिटांनी तोंड धुऊन परत आली.

हार्दिक दाराशी हात बांधून उभा होता. बारावा झाल्यावर सुभानरावांनी मशीन पुसलं आणि त्याच्यासमोर धरलं. तो हसून म्हणाला की मी कॉल घेत नाही, मला मीटिंग आहे. सुभानरावांनी हात मागे घेतला नाही. बारा जण बघत होते. हात तसाच पुढे. मला वाटतं मिनिटभर तरी गेलं असेल. शेवटी हार्दिकने मशीन घेतलं, गळ्याला लावलं, जागा चुकली, नुसता किरकिराट झाला. त्याने जागा बदलली. तरीही शब्द नाही. तिसऱ्या वेळी त्याच्या ओठांवरून मला "आई" वाचता आलं, ऐकू मात्र आलं नाही. त्याचे कान लाल झाले होते. तो मशीन माझ्या हातात देऊन गेला.

विजयमालाबाई आता घरातल्या घरात हिंडतात. स्वयंपाक खुर्चीवर बसून करतात. भाजी सुभानराव आणतात. वर्गाचं सगळं ऐकून त्यांनी विचारलं की आता तरी राग उतरला का. ते म्हणाले, नाही. त्या म्हणाल्या, मला तुमच्या रक्तदाबाची काळजी आहे, बाकी असू दे राग.

त्या हॉस्पिटलात माणसं टिकत नाहीत, पगार कमी आणि पाळ्या लांब. परवा आम्ही दुसऱ्यांदा वर्गाला गेलो तेव्हा बारापैकी सात चेहरे नवे होते. सुभानराव बोलायला लागले आणि मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. त्यांनी स्पिरिटचा बोळा काढला.